तिळाचा धंदा नव्यानं सुरू करताय? पेरणीपासून काट्यापर्यंत सगळं सांगतो

कपाशी, तूर, सोयाबीन सोडून दुसरं पीकच दिसत नाही आपल्या इकडे विदर्भात कोणाला, आणि तीळ म्हटलं की धुऱ्यावर म्हणजे बांधाकडेला दोन ओळी टाकायच्या, घरच्या संक्रांतीपुरते झाले की बस, असंच सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं आहे. पण गेल्या काही वर्षांत विहिरीला उन्हाळ्यात थोडं पाणी असणारे बरेच जण उन्हाळी तीळ घेऊन राहिले, आणि रोजच नवीन कोणीतरी विचारते की भाऊ सुरुवात कशी करायची, बियाणं कोणतं, विकायचा कुठे. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतो. एक गोष्ट आधीच सांगतो, तिळात पैसा कमावला किंवा गमावला जातो तो सोंगणी (कापणी) ते काटा (विकताना वजन) या मधल्या पंधरा-वीस दिवसांत. वावरात तीळ बऱ्यापैकी सगळ्यांनाच होतो, पण वाळवताना, झाडताना, साफ करताना निम्मे लोक हात ढिला सोडतात आणि मग भाव मिळत नाही म्हणून पिकालाच नावं ठेवतात.

आधी तीळ ओळखायला शिका

बाजारात मोटामोटी तीन रंग: पांढरा, काळा आणि मधला लालसर-तपकिरी. पांढऱ्याला खाण्याची मागणी, म्हणजे लाडू, चिक्की, रेवडी, गजक, बेकरी. काळ्याला पूजा, तर्पण, औषध आणि बाहेरदेशची मागणी. तपकिरी बहुतेक घाण्यावर जातो. पांढऱ्यात परत दोन प्रकार, किराणा दुकानात एकाला गावरान म्हणतात म्हणजे सालीसकट, जरा मळकट दिसणारा, आणि दुसरा पॉलिश म्हणजे साल काढलेला, एकदम दुधासारखा पांढरा. नवखा माणूस पॉलिश तीळ पाहून समजतो की ही वेगळी जात आहे, तसं नाही, तोच तीळ भिजवून साल काढून वाळवलेला असतो. तिळातलं कॅल्शियम बरंचसं सालीत असते, त्यामुळे घरी खायला गावरानच घ्या असं मी सगळ्यांना सांगतो.

काळ्या तिळाच्या बाबतीत दोन गोष्टींत फसू नका. कारळ, ज्याला कोणी खुरासणी म्हणतात, तो तीळ नाही, त्याचं झाडच वेगळं, सूर्यफुलाच्या कुळातलं, दाणा लांबट आणि चकचकीत. आणि कलौंजी म्हणजे कांद्याच्या बियांसारखी दिसणारी कोनदार बी, तीही तीळ नाही. तिळाचा दाणा चपटा असतो, एका टोकाला निमुळता, थेंबासारखा. रंग लावलेला काळा तीळ पण बाजारात फिरते. ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून पाहा. थोडासा रंग खरा काळा तीळसुद्धा सोडते, पण फडकं लगेच काळंकुट्ट झालं तर ते पोतं घेऊच नका.

हंगाम आणि वाण

तीळ खरिपात होते, अर्धरब्बीत होते आणि उन्हाळ्यात होते. पाऊस झाल्यावर जूनच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत खरीप, सप्टेंबरमध्ये अर्धरब्बी, आणि जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत उन्हाळी. नवख्यानं उन्हाळीच धरावा असं माझं स्पष्ट मत आहे. खरिपात आपल्या काळ्या जमिनीत पाणी थांबते, आणि तिळाला बाकी काहीही चालेल पण पायात पाणी चालत नाही, दोन दिवस वावर चिबडलं की झाडं पिवळी पडून मान टाकतात. शिवाय ऐन सोंगणीत परतीचा पाऊस येते आणि पांढरा दाणा डागाळते, म्हणजे भाव तिथेच गेला. उन्हाळ्यात पाणी तुमच्या हातात असते, ऊन भरपूर असते, दाणा स्वच्छ निघते. आमच्या शिवारात तर रोही (नीलगाय) आणि डुकरांचा त्रासही तिळाला बाकीच्या पिकांपेक्षा लय कमी आहे, रात्री जागलीला जाऊन जाऊन थकलेल्या माणसाला हे काही छोटं सुख नाही.

मात्र उन्हाळीची घाई करू नका. जानेवारीच्या कडाक्यात पेरलेला तीळ उगवतच नाही, मग लोक बियाण्याला शिव्या देतात. रात्रीची थंडी ओसरली, सकाळी गोधडी नकोशी व्हायला लागली की पेरा. आणि उशीरही नको, फेब्रुवारीच्या मध्यानंतर पेरला तर सोंगणी मेच्या शेवटाकडे सरकते आणि मग वादळ-पावसाशी शर्यत लागते.

वाणाचं सांगायचं तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे वाण आपल्या हवेत बसलेले आहेत. उन्हाळ्यासाठी एकेटी-१०१ किंवा एनटी-११, साधारण ९० ते ९५ दिवसांत येतात. खरिपासाठी एकेटी-६४ आहे, जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचा जेएलटी-४०८ आहे. अर्धरब्बीत जुना एन-८ लावतात, पण तो चार महिने घेते. पहिल्या वर्षी विद्यापीठाचं किंवा महाबीज या सरकारी बियाणे महामंडळाचं पिशवीबंद बियाणं घ्या, बाजारातला खायचा तीळ आणून पेरू नका, त्यात चार रंगांची भेसळ असते आणि ती भेसळ पुढे तुमच्याच पोत्यात दिसते.

पेरणी, आणि विरळणी जी कोणालाच करावीशी वाटत नाही

जमीन मध्यम, निचऱ्याची. वखराच्या पाळ्या देऊन माती अगदी भुसभुशीत करा, ढेकळं राहिली तर एवढीशी बी खाली दबून मरते. एकरी उन्हाळ्यात दीड किलो बियाणं, खरिपात एक किलो पुरे. किलोला ३ ग्रॅम थायरम किंवा ४ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा. बी बारीक असल्यानं तिफणीच्या चाड्यातून एकदम सांडते, म्हणून तेवढीच चाळलेली रेती, राख किंवा चाळलेलं शेणखत मिसळून पेरा. दोन ओळींमध्ये एक फूट अंतर, खोली एक इंचाच्या वर नाही. खोल गेलं की गेलं.

आता हिशोब पाहा. हजार दाण्यांचं वजन साधारण ३ ग्रॅम भरते, म्हणजे दीड किलोत ५ लाख दाणे झाले. आणि ३० बाय १५ सेंटीमीटरवर एकरात झाडं पाहिजेत ९० हजाराच्या आसपास. म्हणजे उगवण चांगली झाली तर जागेपेक्षा तीन-चार पट झाडं उभी राहणार, आणि ती काढलीच पाहिजेत. पहिली विरळणी पेरल्यापासून आठव्या दिवशी, दुसरी पंधरा ते वीस दिवसांत, दोन झाडांत वीतभरापेक्षा थोडं कमी अंतर ठेवून. उगवलेलं रोप उपटायला जीव होत नाही हे मला समजते, बाया पण म्हणतात काहून उपटून राहिले बाप्पा एवढं चांगलं, पण दाट तीळ नुसता उंच वाढते, फांद्या फुटत नाहीत, बोंडं वरच्या टोकाला चार लागतात आणि वाऱ्यात आडवा होते. विरळणीची मजुरी वाचवली तर ती दुप्पट होऊन उत्पन्नातून जाते.

खत जास्त लागत नाही. पेरताना एकरी १० किलो नत्र आणि १० किलो स्फुरद, मग महिन्यानं पुन्हा १० किलो नत्र. तेलबिया आहे त्यामुळे गंधक विसरू नका, एकरी ८ किलो. डवरणीच्या (कोळपणीच्या) दोन पाळ्या आणि एक निंदण पहिल्या महिन्यात उरका, कारण लहानपणी तीळ लय हळू वाढते आणि तण त्याच्या वर जाते. पाणी हलकं हलकं, बारा-पंधरा दिवसांनी, कडक ऊन लागलं की जरा लवकर. फुलात आणि बोंडं भरताना ताण पडू देऊ नका.

किडी-रोगांत दोन चेहरे ओळखून ठेवा. शेंड्याची पानं जाळ्यानं एकमेकांना चिकटवून आत बसणारी बारीक अळी, हीच पुढे बोंडात शिरते, सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करा, वाढली तर कृषी सहायकाला विचारून औषध घ्या. आणि दुसरा पर्णगुच्छ, म्हणजे फुलाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका येते, त्या झाडाला बोंडच लागत नाही. हा रोग तुडतुडे पसरवतात, औषधानं ते झाड बरं होत नाही, दिसलं की उपटून वावराबाहेर.

सोंगणी: इथे डोळ्यात तेल घालून राहा

एक पिकलेलं बोंड हातात घ्या. उभ्या कडा दिसतात, आडवं कापलं तर आत चार खण, आणि प्रत्येक खणात दाणे एकावर एक रचून ठेवलेले. हे बोंड वाळताना टोकापासून उकलते, खालून बंदच राहते. म्हणजे उभं आहे तोवर दाणा आत सुरक्षित, आडवं झालं की सांडला. तिळाचं सगळं काम या एका गोष्टीवर चालते.

अडचण अशी की तीळ खालून वर फुलत जाते, त्यामुळे खालची बोंडं पिकतात तेव्हा शेंड्याची हिरवीच असतात. सगळी पिकायची वाट पाहिली तर खालची उकलून दाणे जमिनीवर, आणि जमिनीवर पडलेला तीळ वेचता येत नाही. लवकर कापला तर वरचा दाणा पोचट. पानं पिवळी पडून गळायला लागली, चारात तीन बोंडं पिवळसर झाली आणि खालची एखाद-दोन उकलायच्या बेतात आली की त्या दिवशी विळा लावा, उद्यावर ढकलू नका. कापायचं सकाळी दंवात, दुपारच्या उन्हात नाही, उन्हात हात लागला की बोंडं तडकतात.

कापलेल्या झाडांच्या लहान लहान पेंढ्या बांधा, मुठीत मावतील एवढ्या, मोठ्या बांधल्या की आतून बुरशी लागते. मग ताडपत्रीवर चार-पाच पेंढ्या शेंडे वर करून एकमेकींना टेकवून उभ्या करा, खोपडीसारख्या, मधून हवा खेळली पाहिजे. ताडपत्री लागतेच. शेणानं सारवलेलं खळं आपल्याला स्वच्छ वाटते, पण खायच्या मालात शेण-मातीतले जंतू येतात आणि निर्यातीच्या तपासणीत असा माल बाद होते. डांबरी रस्त्यावर तर अजिबात नको, तिथली बारीक गिट्टी तिळाच्या आकाराची असते, ती नंतर कोणतीच चाळणी काढत नाही.

चार-पाच दिवसांनी बोंडं उकलली की पहिली झाडणी. पेंढी दोन्ही हातांनी धरून ताडपत्रीवर नेऊन उलटी करायची आणि हलके हलके झटकायची, बस. पावसाच्या पहिल्या सरीसारखा आवाज येते दाण्यांचा. काठीनं झोडपू नका, दाणा फुटते, साल सोलते, तेल बाहेर येऊन माल लवकर खवट होते. पेंढ्या परत उभ्या करा, तीन-चार दिवसांनी दुसरी झाडणी.

आणि हे लक्षात ठेवा: पहिल्या झाडणीचा माल वेगळा भरा, दुसरीचा वेगळा. पहिला माल टपोरा, एकसारखा, स्वच्छ असते. दुसऱ्यात शेंड्याचा बारीक, अर्धवट भरलेला दाणा आणि कचरा जास्त. दोन्ही मिसळले की चांगल्या मालालाही हलका भाव लागते. दुसरा माल घाण्याला किंवा घरी वापरा.

नीट केलं तर उन्हाळी तिळाचं एकरी तीन क्विंटल धरून चाला, जास्त झालं तर आनंदच आहे.

साफसफाई आणि साठवण

दोन चाळण्या लागतात. एक अशी की तीळ खाली पडेल आणि काड्या, बोंडाची टरफलं वर राहतील, दुसरी अशी की तीळ वर राहील आणि माती खाली जाईल. आधी मोठी, मग बारीक. नंतर संध्याकाळच्या वाऱ्यावर उपणून घ्या किंवा सुपानं पाखडा, पोचट दाणे उडून जातात. खाली जे मातेरं उरते ते परत पोत्यात टाकायचा मोह होते, टाकू नका, त्या दोन किलोपायी अख्ख्या पोत्याचा भाव पडते.

वाळवण पुरं झालं का हे कसं ओळखायचं? मूठभर तीळ दाबून सोडा, हाताला चिकटत नसेल, सळसळ करून खाली पडत असेल तर बरं. व्यापारी ओलाव्याचं मशीन लावते, निर्यातीचा माल ६ टक्क्यांच्या आत मागतात. ओला तीळ पोत्यात भरला तर आठवड्यात गरम लागायला लागते, वास येते. नवीन स्वच्छ बारदाना घ्या, युरियाच्या रिकाम्या पोत्यात खायचा माल भरू नका. पोती लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. आणि घरात धुरीच्या गोळ्या टाकून बसू नका, जिवाला धोका आहे.

विकायचा कुठे आणि कसा

व्यापाऱ्यांच्या तोंडून ९९-१-१ असं ऐकू येईल. म्हणजे माल ९९ टक्के शुद्ध, १ टक्क्यापर्यंत कचरा-माती आणि १ टक्क्यापर्यंत दुसऱ्या रंगाचा दाणा चालेल. त्याखाली ९८-२-२. साल काढलेला, मशीननं रंग निवडलेला माल ९९.९५ पर्यंत नेतात, पण ते कारखान्याचं काम. आपण शेतकऱ्यानं ९८ गाठलं तरी बाजारात उठून दिसतो.

बाजार समितीत काय होते ते पाहा. खरेदीदार पोत्यात परखी (टोकदार नळी) खुपसून मधला माल काढते, वरचा पाहतच नाही. तळहातावर घेते, अंगठ्यानं चोळते, फुंकर मारते. हात मळला तर माती, फुंकरीनं बरेच दाणे उडाले तर पोचट, दोन-चार काळे-लाल दिसले तर भेसळ. पंधरा सेकंदात तुमचा भाव ठरला. म्हणून हर्रासीला (लिलावाला) जायच्या आधी घरी स्वतः हेच करून पाहा, मधून माल काढून, पांढऱ्या ताटलीत पसरून.

एकाच बाजाराच्या भरवशावर राहू नका. अकोला, खामगाव, वाशीम, कारंजा, अमरावती आणि नागपूरचं कळमना, जे जवळ पडेल तिथे दोन-तीन ठिकाणी आदल्या दिवशी फोन करून भाव घ्या. तिळाची आवक आपल्याकडे थोडी, त्यामुळे काही बाजारांत तिळाला खरेदीदारच एक-दोन असतात, आणि एकटा खरेदीदार असला की तो म्हणेल तो भाव. तिथे पाच-सात शेतकऱ्यांनी मिळून माल एकत्र करून मोठ्या बाजारात नेलेला परवडते. विकल्यावर हिशोबपट्टी मागूनच घ्या, हमाली-तोलाई काय कापली ते तिथेच वाचा.

हमीभाव माहीत असू द्या. खरीप २०२४-२५ साठी केंद्रानं तिळाला क्विंटलला ९,२६७ रुपये जाहीर केले होते, २०२५-२६ साठी ९,८४६. सरकारी खरेदी तिळाची कापूस-सोयाबीनसारखी गावोगाव होत नाही, पण बोलणी करताना हा आकडा तोंडात पाहिजे.

भाव मोठ्या बाजारानुसार हलतात. गुजरातमधलं उंझा आणि राजकोट हे तिळाचे मोठे बाजार, तिथला भाव रोज पाहायची सवय लावा. जगात सगळ्यात जास्त तीळ चीन आयात करते, आणि सुदान, नायजेरिया, टांझानियासारखे आफ्रिकी देश तिळात आपले स्पर्धक आहेत. तिकडे पीक बुडालं की इकडे भाव चढते, तिकडे भरपूर आलं की उतरते. आणि २०२० मध्ये युरोपात भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं होतं, हा जंतू मारायचा वायू आहे, युरोपात खाण्याच्या मालाला चालत नाही. तेव्हापासून तपासण्या कडक झाल्या. म्हणूनच वर ताडपत्रीचा एवढा आग्रह धरला, माल मुळातच स्वच्छ असला तर पुढे कोणाला असले वायू सोडायची गरजच पडत नाही.

थेट विकायचं असेल तर संक्रांतीचा विचार करा, पण जानेवारीत नाही. किराणा दुकानदार आणि चिक्की-रेवडीवाले नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच माल भरून ठेवतात. त्यांच्याकडे तेव्हा अर्धा किलोचं सॅम्पल घेऊन जा. बचत गटाच्या ताया तिळाचे लाडू, चटणी करतात, त्यांना आधीच भेटा. काळा तीळ असेल तर पितृपक्षाच्या आधी.

घाणी

तिळात ४५ ते ५० टक्के तेल असते, पण लाकडी घाण्यावर सगळं निघत नाही, साधारण अडीच किलो तिळाला किलोभर तेल धरा, बाकी ढेप म्हणजे पेंड. ढेप गाई-म्हशीला उत्तम, ती विकून गाळणीचा खर्च बराचसा निघते. म्हणून तेलाचा भाव काढताना अडीच किलो तिळाची किंमत, अधिक गाळणी आणि बाटली, वजा ढेपेचे पैसे, असा हिशोब मांडा. हा आकडा पाहिला की बाजारात फारच स्वस्त मिळणाऱ्या 'शुद्ध घाण्याच्या' तिळतेलाबद्दल तुमचं तुम्हालाच कळेल. तेल दोन-तीन दिवस भांड्यात स्थिर ठेवून नितळून घ्या, मग काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, अंधारात. तिळाच्या तेलात सेसमिन, सेसमोलिन हे घटक असल्यानं ते इतर तेलांपेक्षा हळू खवट होते. तिळतेलाची एक खूण तर इतकी पक्की आहे की आपल्या देशात वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल टाकायची कायद्यानं सक्ती केली गेली, काहून की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल टाकून हलवलं की ते लाल रंग देते, आणि साजूक तुपात वनस्पतीची भेसळ केली तर लगेच पकडता येते. तेल किंवा लाडू पॅक करून विकणार असाल तर एफएसएसएआयची (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी आधी करून घ्या.

घरी वापरताना

खायच्या आधी तीळ रोळून घ्या. मोठ्या भांड्यात पाणी, तीळ टाकायचा, हातानं हलवायचा, वरचा वर दुसऱ्या भांड्यात काढत जायचं, खडा आणि रेती तळाशी राहते. मग कापडावर कडक वाळवा. भाजताना मंद आच, तडतडायला लागला की लगेच ताटात काढा, कढईतच राहिला तर तिच्या उष्णतेनं करपून कडू होते. लसूण, लाल तिखट, मीठ टाकून कुटलेली तिळाची चटणी आणि ज्वारीची भाकर, हे आमच्याकडे हिवाळ्यात रोजचं. पॅकेट विकत असाल तर त्यावर तीळ आहे असं ठळक लिहा, काही लोकांना तिळाची ॲलर्जी असते आणि ती जीवघेणी होऊ शकते. अमेरिकेत तर १ जानेवारी २०२३ पासून तसं लिहिणं कायद्यानं बंधनकारक आहे.

पुढच्या वर्षीचं बियाणं

तीळ बहुतेक स्वतःच्याच परागानं फळते, त्यामुळे घरचं बियाणं दोन-तीन वर्षं चालते. उभ्या पिकातच जोमदार, खालपासून बोंडं लागलेली, रोग नसलेली झाडं निवडून लाल दोरा बांधा, ती वेगळी कापा, वेगळी झाडा. पहिल्याच झाडणीचा दाणा घ्या, सावलीत वाळवा, कोरड्या डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकून ठेवा. पेरायच्या पंधरा दिवस आधी शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, फडकं सुकू देऊ नका, पाच-सहा दिवसांनी उघडून मोजा. ८० च्या वर उगवले तर दीड किलोच पेरा, ७० असतील तर पावशेर वाढवा, आणि ५० च्या आसपास आले तर ते बियाणं घाण्यावर पाठवा आणि दुकानातून नवीन आणा.